ढोलकीचा खर्ज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर

मढीच्या यात्रेत किंवा आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एखाद्या गावजत्रेत तमाशाची कनात उभी राहिली, की बाहेर कर्णे लागत. ट्रान्झिस्टर रुळण्यापूर्वी त्या कर्ण्यांमागे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असे. त्याचा व्हॉल्व्ह बदलता येतो. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला की सगळे यंत्र भंगारात जाते. माझ्या मते तसे होऊ देण्याचे कारण नाही. हा ट्रान्सफॉर्मर हाताने पुन्हा गुंडाळता येतो. मात्र त्यामागचे गणित समजले पाहिजे.

व्हॉल्व्ह मोठ्या दाबाने थोडा प्रवाह देतो, तर स्पीकरला थोड्या दाबाने मोठा प्रवाह हवा असतो. या दोघांची सोयरीक ट्रान्सफॉर्मर जुळवतो. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह २५० व्होल्टवर एकटा चालवला, तर त्यास सुमारे ५,२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर ८ ओहमचा धरू. दोहोंचे गुणोत्तर ६५०. भार वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून ६५० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २५.५, हे वेढ्यांचे गुणोत्तर. प्राथमिक गुंडाळीस २,५५० वेढे दिले, तर दुय्यम गुंडाळीस १०० पुरतात.

एवढ्यावर भागले असते, तर विजेच्या मेन्सचा ट्रान्सफॉर्मरही चालला असता. पण त्याला ५० हर्ट्झ ही एकच कंप्रता सांभाळायची असते. याला ढोलकीच्या खर्जापासून घुंगरांपर्यंत सारे पेलायचे असते.

खर्जाचा भार लोखंडावर पडतो. आवाज तेवढाच ठेवून कंप्रता निम्मी केली, की गाभ्यातील चुंबकीय स्रोत दुप्पट होतो. त्यात व्हॉल्व्हचा सुमारे ४८ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह गाभ्याला सतत एकाच दिशेने चुंबकित करतो. गाभा तृप्त झाला की आवाज फाटतो. म्हणून ‘ई’ आकाराचे सर्व पत्रे एका बाजूस, ‘आय’ आकाराचे दुसऱ्या बाजूस ठेवून मध्ये कागद घालतात. ६ चौरस सेंटिमीटरच्या गाभ्यात ०.१ मिलिमीटरचा कागद घातला, तर स्रोताला फट दोनदा ओलांडावी लागते. तेव्हा प्रवर्तकत्व सुमारे २४ हेन्री येते आणि खर्ज साधारण ३५ हर्ट्झपर्यंत टिकतो. कागद जाड केला तर खर्ज उणावतो. काढून टाकला तर गाभा तृप्त होतो.

१९४७ साली विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह पुश-पुल जोडलेले होते. अशा जोडणीत दोघांचे एकदिश चुंबकन परस्परांस छेदते, त्यामुळे फटीची गरज उरत नाही.

घुंगरांचा प्रश्न गुंडाळीचा आहे. दोन गुंडाळ्या एकमेकींपासून दूर राहिल्या, तर काही स्रोत वाटेतच गळतो आणि वरचे स्वर मंदावतात. म्हणून अर्धी प्राथमिक, तीवर दुय्यम, तीवर उरलेली प्राथमिक असा क्रम ठेवावा. प्रत्येक थरावर निरोधक कागद आणि दोन गुंडाळ्यांमध्ये तो दुहेरी हवा.

शेवटी दोन सूचना. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प्लिफायर वाजवू नये. भार नसला की प्राथमिक गुंडाळीवरचा दाब अफाट चढतो व निरोधन फुटते. जत्रेत कर्ण्याची तार निसटून ट्रान्सफॉर्मर जळतो तो यामुळेच. दुसरी सूचना जिवाची: २५० व्होल्टचा दाब माणसाला मारू शकतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. तो रोधकातून उतरवून, मीटरने तपासून मगच आत हात घालावा.