जुन्या लॅपटॉपसाठी हलक्या डेस्कटॉपची निवड

यंत्र जुने झाले म्हणजे ते निरुपयोगी झालेच, असे नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार संपला. तिच्या पुढील आवृत्तीच्या अटी पुऱ्या न करणारे कित्येक लॅपटॉप त्यामुळे भंगाराच्या वाटेला लागण्याचा संभव निर्माण झाला. वस्तुतः १९९१ साली आरंभ झालेली लिनक्स, किंवा १९९३ सालची फ्रीबीएसडी, अशी एखादी युनिक्ससदृश प्रणाली बसवून ही यंत्रे आणखी काही वर्षे वापरता येतात. मात्र त्यासाठी यंत्राला पेलेल असा डेस्कटॉप निवडावा लागतो.

डेस्कटॉपची घडण

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला, तेव्हा संगणकाशी होणारा सारा व्यवहार लिखित आज्ञांनी चाले. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘एक्स’ ही चित्रमय प्रणाली निर्माण झाली. तिच्यात पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम एका आज्ञावलीकडे, तर खिडक्यांची मांडणी करण्याचे काम दुसरीकडे सोपविलेले असते. ह्या दुसऱ्या आज्ञावलीस विंडो मॅनेजर म्हणतात. तिच्या जोडीला फायली दाखविणाऱ्या, वाय-फाय जोडणाऱ्या, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या, पेनड्राइव्ह ओळखणाऱ्या अशा साहाय्यक आज्ञावली आल्या, म्हणजे पूर्ण डेस्कटॉप तयार होतो. हे भाग सुटे असल्यामुळेच येथे निवडीला वाव आहे.

मंदपणाचे कारण

चालू असलेली प्रत्येक आज्ञावली संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जागा अडविते. जागा अपुरी पडली की प्रणाली काही मजकूर डिस्कवर हलविते आणि गरज पडताच परत आणते. स्मृतीतील मजकूर मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवर तो शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लक्षपट वेळ लागतो. हाताशी असलेला डबा घेणे आणि दर वेळी शिडी लावून माळ्यावरचा डबा काढणे, ह्यांत जो फरक, तोच येथे. दोन गिगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपनेच अर्धी जागा व्यापली, तर उरलेल्या कामांना माळा चढावाच लागतो.

तीन श्रेणी

पहिल्या श्रेणीत ग्नोम आणि केडीई हे सर्व सोयींनी युक्त डेस्कटॉप येतात. त्यांत खिडक्यांच्या सरकण्याचे दृश्य परिणाम, फायलींची सूची आपोआप करून ठेवण्याची व्यवस्था इत्यादी सोयी असतात.

दुसऱ्या श्रेणीत १९९६ साली आरंभ झालेला एक्सएफसीई, २०१४ साली प्रथम प्रसिद्ध झालेला एलएक्सक्यूटी आणि ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीची परंपरा चालविणारा माटे यांचा समावेश होतो. येथे दिखाऊ भाग कमी असतात. आवश्यक सोयी मात्र बहुतांशी शाबूत राहतात.

तिसऱ्या श्रेणीत ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम, आय-थ्री असे नुसते विंडो मॅनेजर येतात. ते सर्वांत कमी जागा घेतात.

हलकेपणाचे मोल

मग सर्वांत हलका पर्यायच का घेऊ नये? कारण आज्ञावली काढून टाकली, तरी तिचे काम नाहीसे होत नाही. ते यंत्राकडून माणसाकडे येते. बॅटरी संपत आल्याची सूचना देणारा भाग वगळला, तर विद्यार्थ्याचा जतन न केलेला निबंध पूर्वसूचनेवाचून नाहीसा होईल. झाकण मिटताच पडदा कुलूपबंद करणे किंवा इन्स्क्रिप्ट कळफलकाने देवनागरी लिहिण्याची सोय प्रारंभीच सुरू करणे, ह्या गोष्टीही वापरणाऱ्याने स्वतः योजाव्या लागतात. एकट्या जाणकारास हे जमते, किंबहुना आवडतेही. परंतु ज्या यंत्रावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात, तेथे दुसरी श्रेणीच श्रेयस्कर होय.

मोजून पाहावे

निवड ऐकीव मतावर करू नये. लिनक्सच्या एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप बसविता येतात आणि प्रवेशाच्या पडद्यावर त्यांपैकी एक निवडता येतो. यंत्र नव्याने सुरू करून टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी आणि ‘अव्हेलेबल’ या स्तंभातील आकडा टिपून घ्यावा. ‘फ्री’ नावाचाच स्तंभ फसवा ठरतो. कारण प्रणाली मोकळी स्मृती डिस्कवरील मजकूर हाताशी ठेवण्यासाठी वापरते व मागणी येताच ती सोडून देते. नंतर ब्राउझरमध्ये एक नेहमीचे पृष्ठ उघडून तोच आकडा पुन्हा पाहावा. दुसऱ्या डेस्कटॉपवर हीच कृती करून दोन्ही नोंदींची तुलना करावी.

ह्या प्रयोगात पुष्कळदा असे दिसते की, डेस्कटॉप बदलून वाचविलेली जागा ब्राउझरची मोजकी पृष्ठे गिळून टाकतात. तेव्हा स्मृती वाढविणे अथवा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे शक्य असल्यास त्याचा लाभ अधिक होतो. ते शक्य नसेल, तर उघड्या पृष्ठांची संख्या मर्यादित ठेवावी.

सारांश, सर्वांत हलका डेस्कटॉप तो सर्वांत योग्य, असा नियम नाही. यंत्राला पेलेल आणि वापरणाऱ्यालाही पेलेल, तोच डेस्कटॉप योग्य होय.