आधी जून आठव, मग कॉम्प्युटर मांड

अगं धाकटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, बिनपंख्याचा कॉम्प्युटर जुळवायचाय. त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवायचीत आणि घरात जरासुद्धा आवाज नकोय." मला फार बरं वाटलं. थोडी काळजीही वाटली. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून आता निवांत सांगते.

शांततेच्या तुझ्या हट्टाला कुणी हसलं तर मनावर घेऊ नकोस. आपलं ग्वाल्हेर गाण्याचं गाव आहे. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथं शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि २०२३ मध्ये युनेस्कोनं या शहराला संगीतनगरीचा मान दिला. ज्या घरात पहाटे तानपुरा लागतो, तिथं यंत्राची घरघर सोसवत नाही. साधं गणित बघ. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची गुणगुण १२० हर्ट्झची. पेटीवर हा स्वर खालच्या सप्तकातल्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो. आईनं कुठल्याही पट्टीत सा लावला तरी तो खुपणारच. म्हणून फिरणारी डिस्क घरात आणूच नकोस. एसएसडीच घे.

आता पंख्याचं. बिनपंख्याच्या केसमध्ये प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या हीट पाइपमधून बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत जाते आणि तिथून खोलीतल्या हवेत मिसळते. ही केस गारवा तयार करत नाही. खोलीत जेवढं तापमान, त्यावर चिपची चढ. ही चढ वॅटवर ठरते. समज, दिवाळीनंतर खोलीत २० अंश आहेत आणि ३५ वॅट खर्च होताना चिप ७० अंशांवर आहे. म्हणजे चढ ५० ची. छान वाटेल तुला. पण आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी लू सुटली, वीज गेली, कूलर बंद पडला की वरच्या मजल्यावरची खोली ४२ वर जायला वेळ लागत नाही. तीच चिप मग ९२ ला पोचते. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कापू लागतात. ऐन कामाच्या वेळी तुझी मशीनं रांगू लागतील आणि तुला वाटेल, सॉफ्टवेअरच बिघडलं.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वॅट कमी मागणं. तोच प्रोसेसर २० वॅटवर बांधून ठेवलास, तर चढ साधारण २९ वर येते आणि ४२ अंशांच्या खोलीतही चिप ७१ च्या आसपास राहते. नावापुढे 'टी' असलेले इंटेलचे प्रोसेसर यासाठी चांगले. आय-फाइव्ह १२५००टी घे, सहा कोर आणि बारा थ्रेड. त्याच्यावर ३५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लागला की तो ७४ वॅटपर्यंत उडी मारतो. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. बायोसमध्ये जाऊन पीएल-वन आणि पीएल-टू या वॅटच्या दोन्ही मर्यादा स्वतः खाली आण. तिथंच व्हीटी-एक्स चालू आहे ना तेही बघ. ते बंद असेल तर व्हर्च्युअल मशीन नीट चालणारच नाहीत.

"वॅट कापले तर काम कसं होणार?" असं विचारशील. अगं, घरची व्हर्च्युअल मशीनं बराच वेळ नुसती बसून असतात. सगळी एकदम घाम गाळत नाहीत, त्यामुळे कोर त्यांच्यात वाटून घेता येतात. मेमरीचं तसं नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, नीट वागवायचं तर ८ दे. डेटाबेसला ४, डेस्कटॉप नसलेल्या दोन-तीन लिनक्सना एकेक-दोन. वरून मुख्य यंत्रणेला थोडी ठेव. म्हणजे ३२ जीबी ही सुरुवात समज. जमलं तर ६४ घे. पैसे कुठं घालायचे असं विचारलंस तर मी डोळे मिटून मेमरी म्हणेन. एन१०० वाली छोटी स्वस्त खोकी दिसतील, ६ वॅटची. मोहात पाडतात. पण इंटेलच्या अधिकृत यादीत त्यांना १६ जीबीचीच मर्यादा आहे. दोन-तीन हलक्या मशीनना ती पुरे, तुझ्या बेताला नाही.

व्हर्च्युअल मशीनं चालवायला यंत्रावर प्रॉक्समॉक्स टाक. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे आणि आत केव्हीएम आहे, जे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. जिथं पूर्ण मशीनची गरज नाही, तिथं कंटेनर वापर. मेमरीही वाचेल आणि उष्णताही.

आणखी काही गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाही. पंखा नसला की प्रोसेसरबरोबर मदरबोर्डवरचे बाकीचे भागही वाऱ्याला मुकतात. साध्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान वाढलं की दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं, म्हणून सॉलिड कपॅसिटरचा बोर्ड बघ आणि एनव्हीएमई एसएसडीला थर्मल पॅड लावून केसला टेकव. आणि हे नीट ऐक: बिनपंख्याचं यंत्रही शीळ घालू शकतं. वीज फिरवणाऱ्या कॉइल बारीक किणकिणतात. पंख्याच्या आवाजाखाली ते दबतं, शांततेत मात्र उघडं पडतं. म्हणून यंत्र आलं की परतीची मुदत संपायच्या आत एकदा रात्री, बाकी सगळं बंद करून, कान लावून बस. यूपीएस घेतानाही त्यात पंखा आहे का ते विचार.

ठेवायचं कुठं? लष्कर भागातल्या आपल्या जुन्या घरांतला दगडी कोनाडा दिसायला सुरेख असतो, पण तिथं मुळीच ठेवू नकोस. तीन बाजूंनी कोंडलेली गरम हवा वर जाणार कुठून? पाती उभी राहतील असं ठेव, चारी बाजूंनी वीतभर जागा सोड. कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडाशीही नको. आंधी येऊन गेली की पाती कोरड्या ब्रशनं झाडून काढ. पंखा नसल्यानं आत धूळ ओढली जात नाही, हा या यंत्राचा खरा फायदा आहे.

आणि समज, उद्या काम वाढलं, २० वॅट पुरेनात, तर जिद्दीला पेटून चिप भाजत बसू नकोस. मोठा १४० मिलिमीटरचा पंखा अगदी सावकाश फिरव, नाहीतर यंत्र जिन्याखाली ठेवून लॅनची तार खोलीत आण. ती १०० मीटरपर्यंत चालते. तुला शांतता हवी आहे ना, ती अशीही मिळते.

अन् वीजबिलाचा घोर नको. दिवसरात्र २० वॅट म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदा युनिट.

एकच वचन दे मला. यंत्र हिवाळ्यात जुळवलंस तरी 'झालं' असं म्हणू नकोस. जूनच्या एखाद्या दुपारी, दोन वाजता, कूलर बंद करून, सगळी मशीनं दोन तास पूर्ण जोरात चालव आणि तापमान वहीत लिहून ठेव. ८५ च्या खाली राहिलं तर मला फोन कर. वर गेलं तर वॅट आणखी खाली आण, आणि मग फोन कर.