प्लॅस्टरमधल्या हाताची निगा



गिरण्यांच्या काळात आपल्या भागातून मुंबईला गेलेल्या कित्येकांची घरे आजही नायगाव-परळला आहेत. तिथे दहीहंडीचा थर कोसळला की हात मोडलेल्या गोविंदाला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात नेतात. हाताला प्लॅस्टर चढते, आणि दहा-अकरा दिवसांनी गणपती आले की पोरगा गळ्यात झोळी अडकवून गावी हजर! मग पुढची निगा घरच्यांकडे येते.

पण खरी जोखीम त्याआधीची, पहिल्या दोन-तीन दिवसांची. प्लॅस्टर टणक असते आणि आत सूज वाढत असते. तिला बाहेर जागा नाही, म्हणून आतला रक्तपुरवठा दबतो. गोळी घेऊनही ठणका वाढतो, बोट सरळ केले की जीव कळवळतो, मुंग्या येतात, बोटे फिकी नाहीतर गार पडतात. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठून प्लॅस्टर सैल करून घ्यावे. काही तासांचाच खेळ असतो. स्नायू मेले की बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी हे १८८१ सालीच लिहून ठेवले आहे. हाडवैद्याने करकचून बांधलेल्या कामट्यांनीही हेच होते, आणि मग तो हात कोयता धरू शकत नाही. म्हणून ताज्या प्लॅस्टरवर रातोरात एस.टी. पकडू नये. नायगावातच थांबावे, हात उशीवर उंच ठेवावा, बोटे हलवत राहावीत. अंगठी असेल तर आधीच काढावी.

पुढचे त्या मानाने सोपे. अंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. खाज सुटली म्हणून खराट्याची काडी आत घालू नये. आतली जखम चिघळली तरी वरून दिसत नाही. खांदा फिरवत राहावा, नाहीतर तोही धरतो. मोठ्या माणसाचे मनगट साधारण सहा आठवडे घेते, लहान मुलाचे कमी. बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो. आणि गणपतीत लेझीम यंदा दुसऱ्यांनी खेळावी.

प्लॅस्टर निघाल्यावर हात बारीक आणि ताठ दिसतो, घाबरू नये. आपल्याकडे लगेच तेलाची वाटी पुढे येते. पण कोपर जोराने चोळले तर स्नायूतच हाड धरू शकते. कोमट पाण्यात हात बुडवून ज्याचा त्याने हळूहळू हलवावा. डॉक्टरांनी सांगेपर्यंत वैरणीचा भारा उचलू नये.