रीळ भरावं ते घरीच

ठाण्या-कल्याणकडे खाडी आहे, उल्हास नदी आहे. पण चालत्या बोटीमागे आमिष ओढून, म्हणजे ट्रोलिंग करून, सुरमई धरायची तर खुला समुद्र लागतो. त्यासाठी आम्ही डोंबिवलीहून पनवेल, पेण, अलिबाग करत रेवदंडा गाठतो. बोट एकदा बाहेर पडली की तिथे दोरी विकत मिळत नाही आणि हलत्या बोटीवर रीळ नव्याने नीट भरताही येत नाही. म्हणून ट्रोलिंगची निम्मी मासेमारी घरातच उरकावी लागते. त्यातून पक्क्या झालेल्या या सात गोष्टी.

१. आधी मासा ठरवा, मग दोरी.
इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या वर्गवारीत ८, १०, १५, २४, ३७, ६० किलो अशा दोऱ्या आहेत. नवा माणूस थेट ६० वर बोट ठेवतो. मार्लिन, मोठा टूना यांच्यासाठी ते ठीक आहे. आपल्या सुरमईला १५ किंवा २४ किलो पुरते. जाडी दुप्पट झाली की त्याच रिळात दोरी जेमतेम चौथाई मावते, आणि सुरमईची पहिली धाव लांब असते.

२. ट्रोलिंगला नायलॉनचा तंगूस अजून चांगलाच.
बोट पाच-सहा नॉट वेगाने पुढे, मासा आमिष घेऊन उलट दिशेला. तो झटका नायलॉन ताणून सोसतं. ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही. गळ तोंड फाडून निघू शकतो. पण ती बारीक असल्याने रिळात कितीतरी जास्त मावते. म्हणून खाली ब्रेडेड आणि वर शंभरेक मीटर नायलॉन, ही जोडी मला पटली आहे.

३. ब्रेडेड थेट रिळाला बांधू नका.
गुळगुळीत धातूवर ती सरकते. मासा ओढत असतो, आपण हँडल फिरवत असतो आणि दोरीचा अख्खा गठ्ठा जागच्या जागी घसरत असतो. आधी नायलॉनचे थोडे वेढे द्यावेत, त्यावर ब्रेडेड घ्यावी.

४. ताणून भरा.
हे दोन माणसांचं काम. दुकानातली फिरकी पेन्सिलीत ओवून एकाने धरायची आणि दोरी ओल्या फडक्यातून दाबून सोडायची. आमच्याकडे हे काम बायकोकडे असतं. “ओढ कमी पडतेय” हे तीच आधी ओळखते. फिरकी फिरली पाहिजे. तिच्या कडेवरून दोरी उपसली तर पीळ पडतो. बहुतेक मोठ्या ट्रोलिंग रिळांना दोरी सारखी पसरवणारी यंत्रणा नसते, ते काम अंगठ्याने करायचं. ब्रेडेड सैल भरली तर माशाने ओढल्यावर वरचे वेढे खालच्यांत रुततात, धाव मधेच अडते आणि दोरी तुटते. नायलॉनला मात्र बेताचाच ताण द्यावा. अति ताणलेलं नायलॉन नंतर आकसून रिळाच्या फिरकीवरच दाब आणतं. काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबावं.

५. ड्रॅग ताणकाट्यावर मोजा.
ड्रॅग म्हणजे मासा ओढत असताना दोरी बेताने सुटू देणारा रिळाचा ब्रेक; त्यासाठी हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवू नये. दोरीच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे २४ किलोला ६ ते ८. धाव सुरू झाली की रिळावरचा गठ्ठा लहान होतो; त्याचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट भारी पडतो. वर पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचा भार वेगळाच. मासा लांब गेला की ड्रॅग आवळायला हात शिवशिवतात. नेमकं तेव्हाच सैल सोडायचं असतं.

६. शेवटचा फूटभर तारेचा.
सुरमईच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, फ्लुरोकार्बनचाही भरवसा नाही. मुख्य दोरीचा रंग मात्र खुशाल भडक घ्या. मागे चार दोऱ्या सोडल्या असल्या तर वळण घेताना कोणती कुठे आहे हे तांडेलाला दिसलं पाहिजे.

७. पावसाळा दुरुस्तीचा.
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा रिळं गोड्या पाण्याने पुसून, ड्रॅग सैल करून ठेवावीत. पहिले काही मीटर बोटांतून सरकवून पाहावेत. खरखर लागली तेवढा भाग कापावा. उन्हाने नायलॉन कमजोर होतं, म्हणून रिळं गॅलरीत टांगू नयेत. ब्रेडेड चांगली असेल तर उलटी भरावी, आतला न वापरलेला भाग वर येतो.

काढलेला तंगूस बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाकावा, खाडीत कधीच नाही. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. पक्ष्याच्या पायात गुंतलेली दोरी त्याला सोडवता येत नाही. नवी दोरी भरायला अख्खी दुपार देतो, तर जुनीसाठी कात्री घेऊन पाच मिनिटं बसायला हरकत नसावी.