खोलीत हरवलेला खर्ज

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतला अकरावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने कल्याणहून स्पीकरची जुनी जोडी आणली होती. दुकानात ती छान वाजली होती. घरी मात्र गाण्यातली बास गिटार ऐकूच येईना. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, "मोठे स्पीकर घ्या." तेव्हा हा मुलगा ती जोडी निम्म्या किमतीला विकायला निघाला होता. गंमत अशी, की दाराजवळच्या कोपऱ्यात भाजी निवडत बसणाऱ्या त्याच्या आजीची तक्रार नेमकी उलटी होती. "किती रे ते दणदण!"

एकाच खोलीत, एकाच वेळी, दोघांचेही खरे कसे?

आधी आम्ही तारा पाहिल्या. प्रत्येक स्पीकरच्या पाठीला लाल व काळे अशी दोन टोके असतात. एकाच स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे सूर एकमेकांना पुसून टाकतात. यंत्र बंद करून एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. खर्ज वाढला, तर दोष सापडला. इथे तो आणखी घटला, म्हणून तारा पूर्ववत केल्या. दोष स्पीकरचा नव्हता, खोलीचा होता.

प्रयोगशाळेतली अनुस्पंदन नलिका आठवा. 512 हर्ट्झचा नादकाटा तोंडाशी धरला, की हवेचा स्तंभ सुमारे 17 सेंटिमीटर असताना आवाज एकदम भरून येतो. खोली हीसुद्धा एक नळीच आहे, फक्त दोन्ही टोकांना बंद. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी नेमकी बसली, की अप्रगामी तरंग तयार होतो. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 348 मीटर धरू. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर, म्हणून वारंवारिता 348 ÷ (2 × 3.05), म्हणजे सुमारे 57 हर्ट्झ. बास गिटारची एक मोकळी तार 55 हर्ट्झची असते!

या तरंगात भिंतीपाशी हवेचा दाब सर्वांत जास्त बदलतो, मधोमध जवळजवळ बदलतच नाही. आणि कान ओळखतो तो दाबातला बदल. मुलाची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर होती, आजी कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन्ही दिशांचे तरंग जोरात असतात. शिवाय खोली दहा बाय दहा, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींची वारंवारिता 57, आणि साडेनऊ फूट उंचीची 60! सगळी गर्दी एका ठिकाणी, आणि पुढची वारंवारिता थेट 80 च्या वर. बांधणाऱ्याला चौरस खोली सोयीची. ऐकणाऱ्याला तिच्याइतकी वाईट खोली नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनासारख्या मोठ्या नाट्यगृहात हा त्रास का होत नाही? अंतर 30 मीटर धरले, तर पहिली वारंवारिता 6 हर्ट्झच्या आतच येते, आणि आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात या वारंवारिता इतक्या दाटीने बसतात की एकही वेगळी उठून दिसत नाही.

आता तुम्ही स्वतः करून पाहा. हव्या त्या वारंवारितेचा स्वर काढणारे ॲप मोबाइलवर मिळते. मोबाइल स्पीकरला जोडा, आवाज बेताचा ठेवा आणि 57 हर्ट्झ लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत सावकाश चाला. स्वर मधे विरतो आणि पुन्हा उगवतो. मग दुप्पट, म्हणजे 114 हर्ट्झ लावा. आता मध्यावर तो जोरात, आणि भिंतीपासून एक चतुर्थांश अंतरावर क्षीण!

मुलाने बासचे बटण पूर्ण फिरवून पाहिले होते. खर्ज 10 डेसिबेलने वाढवायचा तर दहापट शक्ती लागते. स्पीकरचा पडदा धडपडतो, आजीचे कान किटतात, आणि मध्यावरचे शून्य तिथेच राहते. जाड पडदे लावण्याचाही त्याचा विचार होता. पण सच्छिद्र कापड ध्वनी शोषते ते हवा जिथे मागेपुढे हलते तिथे. भिंतीलगत ती हलतच नाही; 57 हर्ट्झला सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून दीड मीटरवर. पडदा काय खोलीच्या मध्यावर टांगायचा?

उपाय बिनपैशाचा आहे. दाब कोज्या-वक्राप्रमाणे बदलतो. भिंतीपासून एक तृतीयांश अंतरावर पहिल्या तरंगासाठी कोज्या 60°, म्हणजे अर्धा. आणि दुसऱ्यासाठी कोज्या 120°, म्हणजे चिन्ह सोडले तर तोही अर्धाच. दोन्ही सारखे! खुर्ची मागच्या भिंतीपासून सव्वातीन फुटांवर सरकवली.

स्पीकरची जागा शोधायलाही एक युक्ती आहे. स्पीकर खुर्चीवर ठेवा आणि तुम्ही खाली बसून भिंतीकडेने सरका. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल, तिथे स्पीकर ठेवा. ध्वनी देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या तरी परिणाम तोच राहतो, हे हेल्महोल्ट्झ आणि रेली यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले. मुलगा रांगत असताना आजी हसून बेजार झाली.

जोडी विकली गेली नाही. आडव्या दिशेने तो अजून मधोमधच बसतो, कारण डावा-उजवा आवाज समान हवा. म्हणून त्या दिशेचा 57 अजूनही थोडा कमी पडतो. बास गिटार मात्र ऐकू येते. आजीने आपली भाजीची परात कोपऱ्यातून चार फूट पुढे आणली आहे.