पूर्व आफ्रिकेतून आलेले पत्र कसे वाचावे?

मोंबासा, झांझिबार, दारेसलाम या बंदरांशी आपल्याकडील व्यापाऱ्यांचा व्यवहार जुना आहे. कोकणातील काही मुस्लिम कुटुंबे तर केनियातच स्थायिक झाली. तिकडील गिऱ्हाईक आपल्याला इंग्रजीत लिहिते, पण मनात वाक्य जुळवते स्वाहिलीत. टांझानियाच्या सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून, तर माध्यमिक इंग्रजीतून होते. त्यामुळे इंग्रजीत काही ठरावीक चुका उतरतात. त्या ओळखता आल्या नाहीत तर माल, पैसा आणि संबंध तिन्ही बिघडतात. म्हणून अशा पाच चुका आपण पाहू.

१) 'ही' आणि 'शी' : स्वाहिलीत तो आणि ती या दोघांना 'येये' हा एकच शब्द. 'अतालिपा' म्हणजे तो पैसे देईल किंवा ती देईल. म्हणून 'माय ब्रदर, शी विल पे' असे लिहिले जाते. पैसे कोण देणार, ते नावानिशी विचारावे.

२) एक की अनेक : स्वाहिलीत अनेकवचन शब्दाच्या सुरुवातीला होते. 'किताबू' एक पुस्तक, 'विताबू' अनेक. 'न्गुओ' म्हणजे कपडा, हा शब्द तर दोन्ही वचनी सारखाच. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटचा 'एस' गळतो. मराठीप्रमाणे 'अ' आणि 'द' ही उपपदेही स्वाहिलीत नाहीत. 'सेंड सॅम्पल' वाचून एकच नमुना धाडू नये. नग किती, ते आकड्यात मागवावे.

३) 'बॉरो' आणि 'लेंड' : वस्तू उसनी घेणे आणि उसनी देणे, दोन्हींना 'अझिमा' हे एकच क्रियापद चालते. 'आय बॉरोड हिम द मशीन' याचा अर्थ बहुधा 'मी त्याला मशीन दिले' असा असतो. देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे हिशेबात उलटे लिहिले जाऊ नये.

४) 'येस' : 'माल मिळाला नाही का?' असे इंग्रजीत विचारले की उत्तर येते 'येस'. स्वाहिलीत 'न्दियो' म्हणजे 'तसेच आहे', अर्थात माल मिळाला नाही. आपणही मराठीत 'हो, नाही मिळाला' म्हणतोच. इंग्रजीत मात्र 'येस' म्हणजे मिळाला. तेव्हा प्रश्न नकारार्थी विचारूच नये. 'माल कोणत्या तारखेस पोचला?' असे विचारावे.

५) घड्याळ : ही चूक व्याकरणाची नाही, पण महागात पडते. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', शब्दशः एक वाजला. कोणी 'टू ओक्लॉक'ला फोन करा म्हटले तर ते सकाळचे आठ असू शकतात. तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. सकाळ की दुपार आणि कोणत्या देशाची वेळ, दोन्ही लिहून घ्यावे.

उत्तर धाडताना नग, दर, पैसे देणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ पुन्हा लिहून 'बरोबर आहे ना, ते कळवा' एवढे जोडावे. चुकीवर हसू नये. आपले इंग्रजीही मराठीच्या वळणाचे असते आणि तिकडचा व्यापारी ते समजून घेतो. शिवाय दुकानाला 'दुका', हिशेबाला 'हेसाबू' आणि विम्याला 'बिमा' म्हणणारा माणूस आपल्याला फार परका नाही.