लंडनहून पॅरिसला : साधनाची निवड

लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमधील सरळ अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. आपल्याकडे हे एका रात्रीच्या गाडीचे अंतर. तथापि या वाटेत इंग्लिश खाडी आडवी येते आणि डोव्हरजवळ, जिथे ती सर्वांत अरुंद आहे तिथेही, तिची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर भरते. हे पाणी वरून ओलांडावे, पृष्ठभागावरून की खालून, एवढाच प्रवाशापुढचा प्रश्न.

नवखा प्रवासी याचे उत्तर वेळापत्रकात शोधतो आणि तिथेच फसतो. वेळापत्रकानुसार विमानाला सव्वा तास लागतो, आगगाडीला सुमारे दोन तास वीस मिनिटे. तेव्हा विमान जलद, असे त्याला वाटते. वस्तुतः वेळापत्रक वाहनाचा वेळ सांगते, माणसाचा नव्हे. लंडनच्या मध्यभागातून हीथ्रो विमानतळ गाठण्यास तासभर जातो. उड्डाणापूर्वी दोन तास तिथे हजर असणे शहाणपणाचे. त्यानंतर सव्वा तासाचे उड्डाण. उतरल्यावर पारपत्राची रांग आणि सामानाची प्रतीक्षा यांत पाऊण तास. शार्ल द गोल विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर दूर असल्याने आणखी पाऊण तास. बेरीज पावणेसहा तासांची होते. आगगाडीचे सेंट पँक्रस स्थानक लंडन शहरातच आहे. तिथे पोहोचण्यास अर्धा तास, तपासणीसाठी सव्वा तास आणि प्रत्यक्ष प्रवास धरला, तर चार तास पाच मिनिटांत प्रवासी पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकाबाहेर रस्त्यावर उभा असतो. फ्रेंच अधिकारी पारपत्रे लंडनलाच तपासतात, त्यामुळे उतरल्यावर रांग नाही. मात्र पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे असते. दहाची गाडी एक वाजून वीस मिनिटांनी पोहोचते असे छापलेले पाहून गाडीला संथ ठरवू नये.

हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. आपल्याकडील पुष्कळ प्रवासी लंडनच्या पश्चिमेस साउथॉल किंवा हाउन्स्लो भागात नातलगांकडे उतरतात. हीथ्रो तिथून अगदी जवळ आहे आणि सेंट पँक्रस शहराच्या दुसऱ्या अंगाला. त्यांच्या बाबतीत वरील फरक बराच आटतो. ज्याला पॅरिसला राहायचेच नाही, शार्ल द गोलहून मुंबईचे विमान पकडायचे आहे, त्याने आगगाडीचा आग्रह धरू नये. उलट, जड पेट्या असतील तर आगगाडीत त्यांचे वजन करीत नाहीत, ही लहानशी गोष्ट मोठी ठरते. आणि हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन वायूचा विचार करणाऱ्यास तर निवड कठीणच नाही. गाडी विजेवर चालते, फ्रान्सची बरीचशी वीज अणुभट्ट्यांतून येते, आणि दरमाणशी हा वायू विमानाच्या मानाने अनेक पटींनी कमी पडतो.

खालून जाण्याची कल्पना जुनी आहे. १८८० नंतर दोन्ही किनाऱ्यांवर प्रत्यक्ष खोदकाम सुरूही झाले होते. परंतु शत्रूचे सैन्य बोगद्यातून येईल या धास्तीने ब्रिटिश सरकारने ते थांबविले. आजचा बोगदा १९९४ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर असून त्यांतील ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. गंमत अशी की, फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी इंग्लंडमध्ये शिरताच जुन्या रुळांवर मंदावत असे. २००७ मध्ये नवा लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा हे वैगुण्य दूर झाले.

बोगद्यापूर्वीची एक सोय मात्र विसरण्याजोगी नाही. १९३६ पासून १९८० पर्यंत, युद्धकाळ वगळता, ‘नाइट फेरी’ नावाची गाडी लंडनहून रात्री निघे. डोव्हरला तिचे शयनडबे प्रवाशांसकट जहाजाच्या पोटात ढकलले जात आणि साखळदंडांनी जखडले जात. भरती-ओहोटीने जहाज वरखाली झाले तर रूळ जुळणार कसे? म्हणून तिथे दरवाजे असलेली स्वतंत्र गोदी बांधून तिच्यातील पाण्याची पातळी पंपांनी राखली जात असे. प्रवासी सकाळी पॅरिसला उतरे. साखळदंडांच्या खडखडाटात त्याला झोप किती लागे, हा प्रश्न वेगळा.

बसला आठ-नऊ तास लागतात. भाडे बहुधा सर्वांत कमी, आणि पाठीचे दुखणे नसेल त्याने ती खुशाल घ्यावी.

कोणतेही साधन घेतले तरी भारतीय प्रवाशाला दोन स्वतंत्र प्रवेशपरवाने लागतात, कारण ब्रिटन शेंगेन करारात कधीच सामील झाले नाही. लंडनहून पॅरिसला जाऊन परत येणाऱ्यास एका प्रवेशाचा शेंगेन परवाना पुरतो. पण पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा हवी. ती नसल्याचे लक्षात येते ते लंडनच्या स्थानकावर, फ्रेंच अधिकाऱ्यासमोर, गाडी सुटण्याच्या वेळी.

ज्याच्याजवळ पूर्ण दिवस मोकळा आहे, त्याच्यासाठी न्यूहेवनहून दिएपला जाणारे जहाज अजून आहे. चार तासांचा जलप्रवास, मग रूआँमार्गे पॅरिसची गाडी. इंग्लंड हे बेट आहे, हे फक्त याच वाटेवर डोळ्यांना दिसते.